पाणवेल पुलाला अडकायची वाट कशाला बघायची?

दरवर्षी पूर आला की नाशिक जिल्ह्यात गोदावरीवरच्या सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा (म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीचा) ढीग अडकतो, फोटो व्हायरल होतात, जेसीबी येतो, दोन दिवस बातम्या आणि मग सगळं शांत. अरे पण ही पाणवेल काय एका रात्रीत उगवते का? महिनोन् महिने ती सांडपाण्यावर पोसत असते आणि आकाशातून चक्क दिसत असते!

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात, फोटो फुकट आहेत, कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडा, गोदावरीवरचा नांदूरमधमेश्वर जलाशय शोधा आणि फॉल्स कलर (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश लाल रंगात दाखवणारा पर्याय) लावा, मोकळं पाणी काळंकुट्ट दिसतं आणि पाणवेल लालभडक, कारण हिरवी पानं इन्फ्रारेड जोरात परत फेकतात आणि पाणी ते गिळून टाकतं. तारखा मागेपुढे केल्या की पट्टा कुठून सुरू झाला, किती सरकला ते कुणालाही कळतं. पाण्यातलं शेवाळ पकडायची पण युक्ती आहे, क्लोरोफिल लाल प्रकाश शोषतं आणि त्याच्या लगेच पुढे ७०५ नॅनोमीटर तरंगलांबीला चमक वाढते, प्रकाशाच्या त्या दोन पट्ट्यांची तुलना करायची. समुद्रकिनाऱ्यासाठी इस्रोने २०२२ मध्ये ओशनसॅट-३ उपग्रह सोडलाय, पण त्याच्या फोटोतला एक ठिपकाच (पिक्सेल) शेकडो मीटरचा, आपल्या धरणांना सेंटिनेलच बरा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, उपग्रहाला जंतू दिसत नाहीत. नाशिकच्या रामकुंडाचं पाणी आचमन करण्यासारखं आहे का ते बाटली भरून लॅबमध्येच कळणार, शिवाय १० मीटरच्या ठिपक्यात तिथे पाणी कमी आणि काठाचं काँक्रीटच जास्त येतं. पावसाळ्यात तर ढगच ढग. म्हणून उद्या कुणी नुसता उपग्रहाचा फोटो दाखवून गोदावरी स्वच्छ झाली म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण नमुना नेमका कुठून घ्यायचा, कुठला पट्टा लहान असतानाच काढायचा, हे ठरवायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही, एकाच घाटावर बाटली बुडवून अख्ख्या जलाशयाचं काय कळणार हो?

नांदूरमधमेश्वर रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि आता सिंहस्थ तोंडावर आहे. माझी मागणी एवढीच, गंगापूर धरणापासून नांदूरमधमेश्वरपर्यंतचा नकाशा ढग हटले की दर आठवड्याला सगळ्यांना बघता येईल असा टाका, शेजारी लॅबचे आकडे तारखेसकट द्या, आणि दिवाळीनंतर पाणवेलीचे पट्टे छोटे असतील तेव्हाच माणसं आणि मशीन पाठवा.