कोण हा वॉल्टन?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. प्रयोगशाळेच्या भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी लावायच्या, वर्गणी आपण काढायची. इथवर ठीक. मी राहतो आयर्लंडमध्ये; अर्नेस्ट वॉल्टन या इथल्या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव सुचवलं, तर उत्तर आलं, "कोण हा वॉल्टन? भिंत आपली, माणसं आपली. अणू तर कणादांनी कधीच सांगितला होता." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. दुसऱ्याने मला चिमटा काढला, "तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातंय!"

कणादांचं मला वावडं नाही. द्रव्याच्या अविभाज्य कणापर्यंत नुसत्या विचाराने पोचणं ही मोठीच झेप. पण वॉल्टनचं काम वेगळं. यंत्राने वेग दिलेले कण आदळून त्याने अणूचं केंद्रक फोडलं. या दोघांची कुस्ती लावून मुलांच्या हाती काय पडणार?

माझी मुलगी इथल्या शाळेत थर्ड क्लासला, म्हणजे तिसरीच्या आसपास आहे. मिडटर्मच्या सुट्टीत आम्ही सायकली घेऊन ग्रीनवेवरून, म्हणजे खास सायकलवाटेवरून, डन्गार्व्हन या गावी गेलो. तिथल्या ॲबीसाइडमध्ये वॉल्टनचा 1903 साली जन्म. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, दर काही वर्षांनी बदली. तिथेच तिला गोष्ट सांगितली. 14 एप्रिल 1932 (ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ असते). केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा. लाखो व्होल्टचं यंत्र चालू, म्हणून वॉल्टन जमिनीवरून रांगत एका खोपटात शिरला. आत शिसं लावलेलं, माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. अंधारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर झिंक सल्फाइडच्या पडद्यावर ठिणग्या चमकत होत्या. जोडीदार कॉकक्रॉफ्टला बोलावलं, मग प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांना. त्या धिप्पाड साहेबांनाही खोपटात कोंबलं.

हवा आत शिरू नये म्हणून यंत्राचे सांधे प्लॅस्टिसीनने, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवले होते, हे ऐकून मुलगी उडालीच. लिथियमच्या केंद्रकात सात कण, वर एक प्रोटॉन आदळला, झाले आठ. त्यातून चार-चार कणांची दोन हेलियम केंद्रकं. ही बेरीज तिला जमली. वजन मात्र किंचित कमी भरतं आणि तेवढं ऊर्जा होऊन बाहेर पडतं, हे ऐकल्यावर तिने तिथेच वाद घातला. आइन्स्टाइनचं समीकरण प्रयोगात असं पडताळून मिळालं होतं.

आपल्याकडे हाच माणूस जन्मसाल, शोध, पुरस्कार एवढ्यावर संपतो. बालवैज्ञानिक स्पर्धेलासुद्धा क्लास लावायचा! इथे पोरं मोकळी वाढतात. (लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षी ग्राइंड्सवर, म्हणजे खासगी शिकवण्यांवर किती युरो जातात, ते तूर्त बाजूला ठेवू.)

आणि आपली माणसं म्हणजे कोण? त्या प्रयोगशाळेचा प्रमुख न्यूझीलंडचा, वॉल्टनचा जोडीदार यॉर्कशायरचा, कमी व्होल्टेजवरही प्रोटॉन आत शिरू शकेल असं गणित मांडणारा गॅमो ओडेसाचा. ग्रुपच्या यादीत पहिलं नाव असलेले होमी भाभा त्या वर्षी केंब्रिजलाच शिकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, तुमची भिंत कुठली म्हणून.

इकडचे लोकही काही कमी नाहीत, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. काम केंब्रिजमधलं, 1951 चं नोबेल कॉकक्रॉफ्टबरोबर वाटून घेतलेलं, तरी वॉल्टन म्हटलं की यांची छाती फुगते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला विज्ञानाचं पुढचं नोबेल मिळायला 2015 उजाडलं, त्यामुळे समजू शकतो. माझीही फुगते. का, ते मात्र सांगता येत नाही; माझं इथे गाव नाही, शेत नाही, आहे ते गृहकर्ज.

तो चिमटा लागला त्याचं कारण वेगळं आहे. वॉल्टन 1934 साली परत आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात केंब्रिजच्या मानाने ना पैसा होता ना उपकरणं. तिथे त्याने 1974 पर्यंत शिकवलं. आमचे परतीचे बेत दर दिवाळीत होतात आणि मुलीच्या शाळेपाशी येऊन अडतात. तिला गोष्ट सांगताना मी 1934 घाईने उरकतो आणि खोपटात रांगण्याचा भाग लांबवतो. तिलाही तोच आवडतो.