लॉनी जॉन्सन जॅझमधला पाहुणा नव्हता

जॅझ गिटारचा इतिहास थोडक्यात सांगताना एक मांडणी हमखास पुढे केली जाते. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात येईपर्यंत जॅझमधली गिटार फक्त ठेका धरत होती. गिटारवादक लॉनी जॉन्सन हा मुळात ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची लोकगाणी, गाणारा, जॅझमध्ये तो पाहुणा. आणि १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर संपलेल्या या माणसाला १९६० च्या सुमारास एका हॉटेलातून शोधून काढावे लागले. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

ख्रिश्चनचे श्रेय मोठेच आहे. विजेच्या जोडणीमुळे गिटार भरगच्च वाद्यवृंदातही ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीने ऐकू येऊ लागली आणि त्याने तिच्याकडून त्याच तोलाचे एकल वादन करून घेतले. मात्र त्याच्या बारा वर्षे आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, शिकागोत ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ या वादकसंचाने ‘हॉटर दॅन दॅट’ ध्वनिमुद्रित केले. त्यात मध्येच बाकीची वाद्ये थांबतात, आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांत गाऊ लागतो आणि त्याच्या साथीला उरते ती एकट्या जॉन्सनची गिटार. पुढे दोघांत सवाल-जवाब रंगतात, गळ्यातून निघालेल्या तुकड्याला तारांवरून तितक्याच तडफेने उत्तर मिळते. याला ठेका धरणे कसे म्हणायचे? पुढच्याच वर्षी वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनने ‘द मूच’च्या ध्वनिमुद्रणासाठी जॉन्सनला बोलावले, आणि १९२८-२९ मध्ये गिटारवादक एडी लँगबरोबर त्याने केलेल्या जोडवादनांत लँग बहुधा खाली स्वरमेळांचा आधार देतो, तर जॉन्सन वर मोकळेपणी सुरावट खेळवतो. लँग गोरा असल्याने कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या या तबकड्यांवर त्याचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले गेले. कोणते संगीत कोणाचे हे बाजार कसे ठरवत होता, ते यावरून दिसते.

जॉन्सनवरचा ‘ब्लूज गायक’ हा शिक्काही बाजारानेच मारला आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये वाढलेला हा वादक सेंट लुईसमध्ये चार्ली क्रीथच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असे. १९२५ मध्ये तेथल्या एका नाट्यगृहातली गाण्याची स्पर्धा तो जिंकला आणि ओकेह या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार हे त्याचे बक्षीस होते. स्पर्धा ब्लूजची होती, म्हणून तबकड्याही मुख्यतः ब्लूजच्या निघाल्या. त्याच्या वादनात ही विभागणी ऐकू येत नाही, आणि बी. बी. किंगसारख्या ब्लूज गिटारवादकाने ज्यांना आपले आदर्श मानले, त्यांत जॉन्सन होता.

मंदीत त्याची ध्वनिमुद्रणे थांबली, हे खरे. पण १९३७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, १९३९ पासून तो ब्लूबर्ड कंपनीसाठी गाऊ लागला आणि १९४८ मध्ये किंग कंपनीने काढलेल्या त्याच्या ‘टुमारो नाइट’ या गाण्याने अमेरिकेतल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, खपाच्या यादीत सात आठवडे पहिला क्रमांक राखला. म्हणजे ज्याला विस्मृतीतून वर काढल्याचे सांगतात, त्याचे सर्वांत मोठे यश तेव्हा जेमतेम बारा वर्षे जुने होते. फिलाडेल्फियातल्या हॉटेलात तो झाडलोटीचे काम करत होता, ते कला आटली म्हणून नव्हे, तर कार्यक्रम मिळेनासे झाले होते म्हणून. शिवाय ‘टुमारो नाइट’ हे ब्लूज नव्हे, हळुवार प्रेमगीत आहे. १९६० नंतर अस्सल जुना ब्लूज ऐकायला जमणाऱ्या श्रोत्यांपुढेही तो अशी प्रेमगीते गात राहिला. काहींना ते रुचले नाही, तरी त्याने ती सोडली नाहीत.