बारा नंबरचे अकरा रुपये

आमच्या गिरगावातल्या चाळीत माणसाला आडनाव नंतर, आधी खोलीचा नंबर. म्हणून चिटणिसांच्या भाच्याने गणपतीच्या वर्गणीचं ॲप केलं तेव्हा खोली नंबर ही 'की' (नोंदीचं नाव), रक्कम ही 'व्हॅल्यू' (त्या नावापुढची किंमत) धरली आणि सगळी चाळ जेसॉनच्या, म्हणजे माहिती लिहून ठेवायच्या एका ठरीव पद्धतीच्या, महिरपी कंसात कोंबली. फाइल तो हातानेच लिहायचा. नवी पावती आली की शेवटी एक ओळ. मुलगा हुशार. पण बारा नंबरच्या आप्पांनी सगळ्यात आधी ५०१ दिले होते आणि मागाहून प्रसादासाठी ११.

ॲपवर आप्पांचे अकराच दिसू लागले. तेही तिसऱ्या ओळीत.

"पाचशे एक कुठे गेले?" हा प्रश्न गॅलरीतून विचारला गेला, म्हणजे खालच्या पानवाल्यालाही कळला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढ्या गुन्ह्यावर मला बोलावणं आलं.

म्हटलं, आप्पा, पैसे पेटीत आहेत. एकच की दोनदा आली तर काय करायचं, हेच पक्कं ठरलेलं नाही. जेसॉनचे नियम सांगणारा २०१७ चा दस्तऐवज, आरएफसी ८२५९, म्हणतो, नावं वेगवेगळी असावीत. 'असलीच पाहिजेत' नाही, नुसतं 'असावीत'. आपल्या जिन्यातल्या 'कृपया थुंकू नये'सारखं. मग कोणी शेवटची रक्कम धरतो, कोणी चूक दाखवतो, कोणी दोन्ही देतो. आपल्या ॲपचं जावास्क्रिप्ट शेवटची धरतं आणि आधीची गिळून ढेकरही देत नाही.

"आणि माझा पहिला नंबर?"

खरं दुखणं हे होतं. महिरपी कंसातल्या नोंदींच्या क्रमाची हमी कोणी देत नाही. त्यात की नुसता आकडा असला, तर जावास्क्रिप्ट आपणहून चढत्या क्रमाने मांडतं. त्यामुळे सात नंबरच्या काकूंनी अगदी शेवटी, तोंड वाकडं करून ५१ दिले, तरी त्या आप्पांच्या वर!

खजिनदार म्हणाले, प्रत्येक खोलीपुढे रकमांची रांग लावा. लावता येते; पण मग आप्पांचे अकरा कोणाच्या मागून आले ते पुसलं जातं, आणि चाळीत तेही लागतं. भाच्याने 'बारा-दोन' नावाची नवी खोली काढली. जागा अशी वाढत असती तर पुनर्विकासासाठी कशाला खेटे घातले असते?

चिटणीस हसले. मी सांगितलं, २०१७ मध्येच काउच-डीबी या डेटाबेसमध्ये 'रोल्स' (कोणाला कोणते अधिकार) ही की दोनदा लिहून साधा माणूस ॲडमिन होऊ शकत होता, कारण आतले दोन पार्सर, म्हणजे जेसॉन वाचणारे प्रोग्राम, दोन वेगळ्या नोंदी वाचत होते. चिटणिसांनी लगेच विचारलं, "आपल्या ॲपमध्ये पदाधिकाऱ्यांची यादी कुठे आहे?"

शेवटी जेसॉनचे चौकोनी कंस आणले, म्हणजे सरळ यादी. एक पावती, एक नोंद: खोली आणि रक्कम. क्रम राहतो, बारा नंबर कितीही वेळा येवो. जुनी फाइल पायथन या दुसऱ्या भाषेने वाचली. त्यात 'ऑब्जेक्ट पेअर्स हुक' ही सोय लावली की सगळ्या जोड्या ओळीने हातात येतात. आप्पांचे पाचशे एक सापडले.

आता यादीत आप्पा सर्वांत वर, आणि खाली आणखी एकदा. ते बघून सात नंबरच्या काकूंनी आपले एकावन्न परत मागितलेत. त्यांना दहा-दहाच्या चार आणि अकराची एक अशा पाच पावत्या फाडून हव्यात.