तेवढा आमचाही एक काढा

फोटोग्राफीच्या छंदात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, असं नवशिक्याला विचारलं तर तो म्हणेल उजेडाचा. चार-पाच वर्षं मुरलेला म्हणेल कमरेचा. मी म्हणेन, विचारणाऱ्यांचा.

मी फोटो काढतो ते पक्ष्यांचे, पाण्याचे, आगगाड्यांचे आणि जुन्या इमारतींचे. यादी जरा अघळपघळ आहे, ठाऊक आहे मला. पक्षीवाले मला रेल्वेवाला समजतात, रेल्वेवाले पक्षीवाला समजतात आणि सासुरवाडीचे रिकामटेकडा समजतात. पण या चौघांत एक मोठा गुण आहे. फोटो काढून झाला की यांतलं कुणीही 'दाखव बघू' म्हणून अंगावर येत नाही. 'ई, मी किती जाड दिसतेय, हा आधी डिलीट कर,' असं आजवर एकाही मालगाडीने मला म्हटलेलं नाही. माणसं टाळता यावीत म्हणून मी हा छंद धरला, आणि त्यापायी जेवढी अनोळखी माणसं माझ्याशी येऊन बोलली, तेवढी नोकरीतही बोलली नसतील.

याचं मूळ लेन्समध्ये आहे. माझी १५०-६०० मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणारी आहे. पूर्ण बाहेर काढली की हातभर होते आणि वजन दोन किलोच्या आसपास. गळ्यात साधा कॅमेरा असला की लोक टूरिस्ट म्हणून सोडून देतात. ही लेन्स लावली की सोडत नाहीत. प्रश्न ठरलेले. 'किती लांबचं दिसतं?' 'यातून चंद्र दिसतो का हो?' 'केवढ्याला पडली?' आणि किंमत ऐकल्यावर, आवाज खाली आणून, 'मग यातून येतं काय?' काही येत नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटते ना, ती फार जिव्हारी लागते. पाषाण तलावावर एका आजोबांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'होईल, होईल. सगळं ठीक होईल.'

शिवाय या लेन्सला एक खोड आहे. तीन मीटरच्या आतलं तिला दिसत नाही. तलावापलीकडचा बगळा दिसतो, बाजूला येऊन उभा राहिलेला माणूस दिसत नाही. आणि बगळ्याने मला आजवर काहीही विचारलेलं नाही.

भिगवणचंच घ्या. उजनी धरणाचं काम १९८० साली पुरं झालं, भीमेचं पाणी अडलं, आणि मागच्या उथळ फुगवट्यावर पक्ष्यांनी बस्तान बसवलं. थंडीत तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात, थेट हिमालय ओलांडून पट्टकादंब हे रानहंस येतात, आणि पहाटे चारला उठून सोलापूर रस्त्याने आम्ही येतो. कुंभारगावात होड्या मिळतात. होडीवाले मूळचे मच्छीमार. आता त्यांना पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं तर पाठ असतातच, पण फोटोतलंही आपल्यापेक्षा जास्त कळतं. 'ऑस्प्रे हाय बघा खुंटावर. पण उजेड मागनं येतोय सायेब, काळा येईल. वळसा घालू.' घातला वळसा. ऑस्प्रे, म्हणजे तो मासे पकडणारा शिकारी पक्षी, उडाला. 'थांबा, मासा घेऊन हितंच येणार,' असं म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली, आणि तो आलाच. या लोकांपुढे आपण जरा गप्पच बसावं.

होडी एकट्याला महाग पडते, म्हणून मी एका कुटुंबाबरोबर वाटून घेतली होती. दादा, वहिनी, दोन मुलं आणि चिवड्याचा मोठा डबा. समोर रोहितांचा थवा. आता हा पक्षी खातो कसा, तर लांब मान खाली सोडून, चोच पार उलटी करून, चिखलपाणी गाळत गाळत. आणि तो सतत खात असतो. माझ्या त्या सकाळच्या फोटोंत दोन काटकुळ्या पायांवर ठेवलेली पांढरी गाठोडीच तेवढी आहेत. पक्ष्याला डोकं असतं, हे पाहणाऱ्याने माझ्या शब्दावर मानायचं.

वहिनींची तक्रार वेगळी होती. 'हे तर पांढरेच आहेत! मोबाइलवर गुलाबी होते.'

'गुलाबी पंखाच्या आतनं असतंय, ताई. उडाले की दिसतंय.'

'मग उडवा की जरा.'

होडीवाल्याने बांबू पाण्यात रोवला आणि होडी जागच्या जागी थांबवली. 'ते काय करायचं नसतं. जेवायला बसलेत ते. तुम्हाला कुणी ताटावरनं उठवलं, तर चालंल का?'

वहिनी एकदम वरमल्या. वातावरण जरा सैल व्हावं म्हणून मी माहिती पुरवली की, रोहिताचा गुलाबी रंग मुळात त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळं आणि कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन. त्यावर धाकट्याने मूठभर चिवडा पाण्याच्या दिशेने पुढे केला. थोरल्याने तो खाल्ला. प्रश्न मिटला.

आणि मग ते वाक्य आलंच. 'दादा, एवढा मोठा कॅमेरा आहे तुमच्याकडे, तेवढा आमचाही एक काढा. मागे पक्षी येऊ द्या.'

होडीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते चौघं. मी शक्य तेवढा मागे सरकलो. आणखी मागे सरकलो असतो तर भीमेत गेलो असतो. लेन्स १५०वर, म्हणजे कमीत कमी जवळ आणणाऱ्या टोकावर आणली तरी चौघांपैकी एकच चेहरा मावत होता, तोही कपाळापासून हनुवटीपर्यंत. वहिनींच्या नाकातली चमकी इतकी लखलखीत आली, की तिचे पैलू मोजता यावेत. दादांनी फोटो निरखून पाहिला. 'पक्षी कुठेत?'

'ते मागे गुलाबी धुकट दिसतंय ना, ते.'

'म्हणजे ते गुलाबीच आहेत!' वहिनी म्हणाल्या. तेवढं एक समाधान त्यांना माझ्याकडून मिळालं.

त्याच उजनीच्या पाण्याखाली पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर आहे. पाणी फार खाली गेलं की ते वर येतं. शिखर, खांब, कोरीव काम, सगळं धरणात राहून आलेलं. म्हणजे पाणी, इमारत आणि बगळे अशी माझी तीन खाती एकाच चौकटीत. पण मंदिर वर आलं की अर्धा महाराष्ट्रही वर येतो, आणि प्रत्येक खांबाशेजारी कुणीतरी त्याच खांबासारखं टेकून उभं असतं. असो.

पाण्याचे फोटो काढायचे तर तिवई लागते. शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवलं की वाहतं पाणी रेशमी येतं, त्यासाठी कॅमेरा हलता कामा नये. ही तिवई मी एकदा कालव्याच्या कडेला लावली. खडकवासल्याहून येणारा कालवा पुण्याच्या वस्तीतून जातो, सकाळच्या उन्हात तो दिसतोही छान. दोन मिनिटांत एक काका बनियनवर बाहेर आले. लांबून माझी तिवई बघितली, आत गेले, शर्ट घालून आले.

'मोजणी का?'

'नाही हो, फोटो काढतोय.'

'फोटो आधी, मोजणी मागनं. माहीत आहे आम्हाला.' ते माझ्या कानाशी आले. 'कुठपर्यंत जाणार आहे आमचं? कंपाउंड जाऊ दे, पण संडास वाचला पाहिजे.'

मी कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवली. त्यावर फक्त पाणी होतं. त्याने ते जास्तच घाबरले, कारण त्यांच्या मते मी घराचा फोटो मुद्दाम लपवत होतो. मग चहा आला. मग बिस्किटं आली. चहाचा घोट घेता घेता काकांनी शेजारच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून सुचवलं, 'रेघ तिकडून ओढली तर सरळ जाते बघा.' मी निघेपर्यंत ते शेडवालेही शर्ट घालून बाहेर आले होते.

आगगाड्यांचं दुखणं निराळं. तिथे वेळ पाळायची असते ती आपण.

बोरघाट १८६३ साली गाड्यांना खुला झाला. कर्जत सोडलं की चढ लागतो तो सदतिसाला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भलताच उभा चढ, म्हणून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना म्हणायचं बँकर. ही मागून ढकलत ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत आणून सोडतात. पुढच्या इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. माझा जीव या मागच्यांवर. धो धो पाऊस, बोगद्यातून गाडी निघतेय, डबे संपत आले आणि शेवटी माना खाली घातल्यासारखी ही दोन-तीन इंजिनं. यासाठी मी तासन् तास भिजलो आहे आणि घरी त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

उतरणीला दख्खनची राणी हवी. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली, आणि अजूनही दर १ जूनला पुणे स्टेशनावर तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. सकाळी सव्वासातला ती पुण्याहून निघते आणि तासाभराने घाटाच्या तोंडाशी येते. मी खंडाळ्याच्या एका टेकाडावर छत्री मानेत धरून उभा. खाली रूळ. रुळाकडेने विजेचे खांब, आणि प्रत्येक खांब बरोब्बर तिथेच, जिथे इंजिनाचं नाक येणार. गाई घेऊन निघालेले एक बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत थांबले.

'कशाची वाट बघताय?'

'राणीची.'

'मग हितं कशाला? हितनं नुसती जाती ती. लोणावळ्यात थांबती की! तिथं फलाटावर निवांत बघा, च्या घ्या.' ते जरा थांबले आणि म्हणाले, 'चढायची असली तर त्येबी तिथंच जमंल.'

याला उत्तर नाही. तेवढ्यात धुकं आलं, आणि त्या धुक्यातून राणी नुसत्या आवाजाने गेली. बाबांनी मान हलवली. 'म्हणून सांगत होतो.'

फलाटावर जाऊन बघितलं तर तिथे खाकीतले साहेब. मी एका बँकरवर नेम धरून होतो. माझ्या डावीकडे एक कॉलेजची मुलगी मोबाइल उभा करून नाचत होती, उजवीकडे चौघंजण दारात लोंबकळून व्हिडिओ काढत होते. साहेब त्यांना ओलांडून सरळ माझ्याकडे आले.

'कशाचा फोटो काढला?'

'इंजिनाचा.'

'इंजिनाचाच का?'

काय सांगायचं? मी स्क्रीन पुढे केली. साहेब एकेक फोटो मागे मागे नेत राहिले. इंजिन. इंजिन. इंजिन. इंजिनाची कपलिंग. खंड्या.

'हे काय?'

'खंड्या. पक्षी.'

'कुठे बसलाय?'

'तारेवर.'

'कुठल्या तारेवर?' त्यांचा आवाज बदलला. खंड्या तारेवर बसलाय, म्हणजे मी विजेच्या तारांचेही फोटो काढतो, आणि बाहेर हातभर नळी. प्रकरण वाढणार असं दिसायला लागलं. तेवढ्यात ते पुन्हा बँकरवर आले आणि थबकले. 'हे तर ढकलायचं इंजिन आहे.'

'हो.'

'मागचं काय काढताय? पुढचं काढायचं.' आणि अंगठ्याने गाडीच्या पुढच्या टोकाकडे खूण करून ते निघून गेले. परवानगी मिळाली की सल्ला, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या टोकापर्यंत चोवीस डबे चालत जाईपर्यंत गाडी सुटली.

इमारत तरी सुटत नाही, म्हणून मी इमारतींकडे वळतो. पुण्यात वाड्यांचे फोटो काढायचे तर आधी वाढदिवसाचे फ्लेक्स उतरायची वाट बघावी लागते, आणि आमच्याकडे रोज कुणीतरी जन्मलेलं असतं. म्हणून मुंबई, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ ला काम निघालं, ते दहा वर्षं चाललं. २००४ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून नोंदवली. माझ्यासाठी मात्र ती मोठी सोय आहे, कारण तिच्यावर सगळं जंगलच बसवलंय. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. भिंतींवर मोर, कोपऱ्याकोपऱ्यातून तोंड वासून बाहेर आलेले दगडी जीव. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा या कोरीव कामाला हात लागलेला आहे. हातभर लेन्स लावून या मोराचं पीस न् पीस टिपता येतं, आणि तो ताटावरून उठत नाही.

पण मुंबईत एक माणूस वर बघायला लागला की दहा जण वर बघतात. सकाळच्या गर्दीत माझ्यामागे हां हां म्हणता घोळका झाला. 'कोण आहे वर?' 'कोणी चढलंय का?' 'उडी मारतोय?' एक गृहस्थ, डब्याची पिशवी काखेत, माझ्या लेन्सच्या रेषेत मान नेऊन बघत राहिले.

'हा मोर कधी बसवला?'

'इमारत बांधली तेव्हाच.'

'छे! तीस वर्षं येतोय मी इथे रोज. नव्हता.'

ते बघतच राहिले. मोर, त्याच्या बाजूची पानं, वरची कमान. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो मोर तिथे टांगला होता. 'आता मस्टर गेलं ना माझं!' म्हणत ते पळाले.

एवढं सगळं काकूंना सांगून काही उपयोग नव्हता. त्यांचा फोन आला तो सरळ मुद्द्यावर. नातीचं बारसं आहे येत्या रविवारी, आणि 'घरात एवढा मोठा कॅमेरा असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला?'

'काकू, रविवारी भिगवणचं ठरलंय. पक्षी आता परत जायला लागतील.'

'पुढच्या रविवारी जा. पक्षी काय कुठे पळून जातायत?'

'काकू, ते तेवढंच करतात.'

ही मात्रा चालली नाही, म्हणून मी लेन्सची खोड समजावून सांगितली. तीन मीटरच्या आतलं काही दिसत नाही, तुमचा हॉल दहा बाय बारा, त्यात पाळणा, त्यात बायका. या लेन्सने बारशाचा फोटो काढायचा तर मला समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर उभं राहावं लागेल.

काकूंनी क्षणभर विचार केला.

'राहा की. तिथले सेक्रेटरी आपल्या ओळखीचेच आहेत, गच्चीची किल्ली मागून ठेवते. तुझं ताट वर पाठवीन.'