पाहुण्यानं गाणं थोडं बिघडवावं

ड्युएट अल्बम म्हटलं की मी आधी सावध होतो. वय झालेला मोठा गायक, त्याचीच गाजलेली गाणी आणि प्रत्येक गाण्याला एक प्रसिद्ध पाहुणा. रिसेप्शनला स्टेजवर चढायचं, फोटो काढायचा आणि जेवायला पळायचं, तसे हे पाहुणे दोन ओळी गाऊन जातात. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राच्या १९९३ च्या 'ड्युएट्स'मध्ये तर तो आणि पाहुणे एका खोलीतही नव्हते. म्हाताऱ्यानं आपला भाग गाऊन ठेवला, बाकीच्यांनी नंतर आपापल्या गावच्या स्टुडिओतून आवाज जोडले. अल्बम तुफान खपला. पण दोघं एकमेकांकडे बघत नाहीयेत हे मला प्रत्येक गाण्यात ऐकू येतं.

त्यामुळे इटालियन गायक झुक्केरोचा २००४ चा ड्युएट अल्बम 'झू अँड को' मी बरीच वर्षं बाजूला ठेवला होता. पाहुण्यांची यादीच संशय यावा अशी: स्टिंग, क्लॅप्टन, बी. बी. किंग, जॅझवादक मायल्स डेव्हिस, ब्लूज गायक जॉन ली हूकर, ऑपेरा गायक पावारोत्ती, शेरिल क्रो, डोलोरेस ओ'रिऑर्डन, मेक्सिकोचा माना बँड, अल्जीरियाचा शेब मामी. एवढी माणसं एका सीडीवर दिसली की हे कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचं काम, असंच वाटतं.

ज्यांना झुक्केरो माहीत नाही त्यांच्यासाठी: खरं नाव आदेल्मो फोर्नाचारी, जन्म १९५५, उत्तर इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात. झुक्केरो म्हणजे साखर, हे शाळेतलं टोपणनाव. आवाज मात्र साखरेच्या अगदी उलट, खरखरीत, घसा सोलून गाणारा. शेतीवाडीच्या त्या सपाट मुलखात वाढलेल्या या माणसाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज आणि सोल संगीतानं झपाटलं आणि तो इटालियनमध्ये ब्लूज गाऊ लागला. नक्कल म्हणून हिणवणारेही होते. मला ते पटत नाही, पण तो वाद इथे नको.

हा अल्बम वेगळा ठरतो तो त्याच्या मागच्या वर्षांमुळे. यातली बरीच गाणी २००४ साठी जमवलेली नाहीत, त्याआधीच्या पंधराएक वर्षांत एकेक करून घडलेली आहेत. ब्रिटिश गायक पॉल यंगबरोबरचं 'सेन्झा उना दोन्ना' १९९१ चं. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. आपल्याकडे केबल आल्यावर ज्यांनी एमटीव्ही बघत अभ्यास बुडवला, त्यांना ते ऐकताक्षणी आठवेल. पावारोत्तीबरोबरचं 'मिझेरेरे' मूळ १९९२ चं. पावारोत्ती शेजारच्या मोदेनाचा. त्याला गाणं कसं आहे ते कळावं म्हणून आधी डेमो करायचा होता आणि त्यासाठी एक अनोळखी तरुण टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) निवडला गेला. त्याचं नाव आंद्रेया बोचेल्ली, पुढे जगभर गाजलेला. पुढे दौऱ्यावर पावारोत्तीचा भाग त्यानंच गायला. बोचेल्लीचं पुढचं सगळं इथून सुरू झालं, हे त्याच्या चाहत्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

स्टिंगचं प्रकरणही असंच. 'मुओयो पेर ते' हे मुळात स्टिंगचंच गाणं, १९९१ च्या 'द सोल केजेस'मधलं. झुक्केरोनं त्याला इटालियन शब्द दिले. म्हणजे इथे यजमान कोण आणि पाहुणा कोण, तेच सांगता येत नाही. म्हणूनच ते चांगलं झालंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाहुण्यानं यजमानाचं गाणं थोडं बिघडवलं पाहिजे. चाल तीच, शब्द तेच आणि दुसरं कडवं दुसऱ्या आवाजात, याला ड्युएट का म्हणायचं? शेब मामी 'कोझी चेलेस्ते'मध्ये येतो तेव्हा सरळ चाललेली चाल त्याच्या राई (अल्जीरियातलं लोकप्रिय संगीत) ढंगाच्या हरकतींनी वेडीवाकडी होते आणि गाणं एकदम दुसऱ्याच किनाऱ्याला लागतं. भूमध्य समुद्र तसा अरुंदच आहे, हे नकाशापेक्षा इथे जास्त कळतं. उलट काही गोड, नेटकी, इंग्रजी कडव्यांची गाणी आहेत. ती विमानतळावर वाजत असतील तर हरकत नाही. मी पुढे ढकलतो. रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावं.

आणि 'दूने मोस्से'. अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात मोठं ड्युएट हेच, आणि त्यात पाहुणा गातच नाही. मायल्स डेव्हिसचा ट्रम्पेट आहे. मायल्स इटलीत असताना त्याच्या कानावर हे गाणं पडलं आणि त्यालाच ते वाजवावंसं वाटलं, असं झुक्केरो सांगतो. हे ध्वनिमुद्रण १९८० च्या दशकाच्या अखेरीचं. मायल्स १९९१ मध्ये गेला आणि आपल्यापर्यंत हे पोचलं थेट २००४ मध्ये. ट्रम्पेट कुठेही चाल गिरवत नाही. झुक्केरो ओळ संपवतो, मायल्स जरा थांबतो, इतका की आता काही येणार नाही असं वाटावं, आणि मग तिरकस दोनतीन स्वर टाकून गप्प होतो. त्या उत्तरानंतर झुक्केरोची पुढची ओळ मला वेगळी ऐकू येते. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध वादकांपैकी एक माणूस दुसऱ्याच्या गाण्यात येतो आणि बहुतेक वेळ न वाजवण्यात घालवतो! आपल्याकडे कुणी ज्येष्ठ कलाकार मध्यंतरानंतर 'खास आग्रहास्तव' मंचावर आले की काय होतं, ते मी लिहीत नाही.

जॉन ली हूकरचं 'अली दोरो'ही ऐका. हे २००१ च्या 'शेक' अल्बममधून घेतलंय. हूकर त्याच वर्षी जूनमध्ये गेला, 'शेक' त्यानंतर बाजारात आला. आवाज जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत उतरलेला आहे, आणि झुक्केरोनं तो झाकायला वाद्यांची गर्दी केलेली नाही. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं जातं. पॉल यंग परिचयाचा म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतील. करा, पण तिथेच थांबलात तर अल्बम ऐकला असं कमेंटमध्ये सांगू नका.