स्टिमॅक मोठा खेळाडू होता. कोच म्हणून?

ऑक्टोबर 2025 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरने आपल्या फुटबॉल संघाला 2-1 हरवलं आणि 2027 चा आशियाई चषक हातचा गेला. मॅच बघायला आपल्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची पोरं गाड्या काढून गेलेली, त्यामुळे राग समजतो. पण तेव्हाचा कोच खालिद जमील आणि त्याच्या आधी 2019 ते 2024 भारताचा कोच असलेला क्रोएशियाचा इगॉर स्टिमॅक यांची तुलना करणारा जो फॉरवर्ड ग्रुपांवर फिरतोय तो वाचून हसू येतं. म्हणे, ‘इगॉर स्टिमॅकने थेट प्रीमियर लीग गाजवली, क्रोएशियाला वर्ल्ड कपात तिसरं आणलं, भारताला फिफा क्रमवारीत कधी नव्हे तो शंभरात नेलं. परदेशात न खेळलेल्या खालिद जमीलला काय कळणार?’

‘थेट’ काही नाही. 1995 मध्ये स्टिमॅक क्रोएशियाच्या हायडुक स्प्लिट क्लबातून इंग्लंडच्या डर्बी काउंटीत आला, तेव्हा डर्बी दुसऱ्या श्रेणीत होती. त्याच्या पहिल्याच मॅचला ट्रॅनमियरने 5-1 असा धुव्वा उडवला, आणि डर्बीचा एकुलता गोल या बचावपटूचाच! पुढे मात्र संघ सलग वीस सामने हरला नाही आणि 1996 ला प्रीमियर लीगमध्ये चढला. खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा सरस आहे ती अशी.

1998 च्या वर्ल्ड कपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघात तो खेळत होता. कोच होते मिरोस्लाव्ह ब्लाझेविच. स्टिमॅक क्रोएशियाचा कोच झाला 2012 ला. स्कॉटलंडकडून दोनदा हरल्यावर ऑक्टोबर 2013 मध्ये गेला, आणि 2014 च्या वर्ल्ड कपला संघ नेला निको कोवाचने. हे सोयीस्कर गाळलंय.

‘कधी नव्हे’ही नाही. 2023 ला आपण 99 वर होतो खरे, पण 1996 ला 94 आणि 2017 ला 96 होतो. 2019 मध्ये 101 वर असताना हाती घेतलेला संघ त्याने 2024 ला सोडला तो 120 च्याही खाली. 2024 च्या आशियाई चषकात तीन सामने, गोल शून्य. 2023 ची दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, ते श्रेय त्याचंच. त्याच स्पर्धेत थ्रो-इन घेणाऱ्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला बॉल कोचसाहेबांनी स्वतः उडवला आणि लाल कार्ड घेतलं. गावच्या टर्नामेंटात माइकवरून नाव पुकारलं असतं.

राहिला जमील. खेळला मुंबईच्याच क्लबांकडून, पण 2017 ला मिझोरामच्या ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला देशातली आय-लीग स्पर्धा जिंकून दिली. भारताचे जुने कोच, हैदराबादचे रहीमसाहेब तर पेशाने शिक्षक. 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतली फुटबॉलची सुवर्णपदकं त्यांच्या हाताखालची.

फातोर्ड्यात 14व्या मिनिटाला आपल्या छांगटेने मिळवून दिलेली आघाडी मध्यंतराआधीच का गेली, हे जमीलला जरूर विचारा.