चवथ टिळकांनी सुरू केली? गोव्यात तरी नाही

चवथ जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो: 'गणेश चतुर्थी हा टिळकांनी 1893 साली सुरू केलेला राजकीय उत्सव. गोव्यात पोर्तुगीजांनी सगळे सण मोडून काढले होते. गणपती आला तो 1961 च्या गोवा मुक्तीनंतर, महाराष्ट्रातून. मूर्तीवर टांगतात ती फळापानांची माटोळी म्हणजे मुंबईच्या मखराची नक्कल.' ज्यांच्या घरी पाच दिवस गणपती असतो, तेही तो बिनदिक्कत पुढे ढकलतात!

टिळकांचा मुद्दा झटपट निकालात निघतो. त्यांनी घरातला गणपती मांडवात आणला, त्याला मेळे आणि मिरवणुकीची जोड दिली. हे श्रेय त्यांचेच, जरी भाऊसाहेब रंगारींनी 1892 सालीच सार्वजनिक गणपती बसवल्याचा दावा पुण्यात आजही हिरिरीने मांडला जातो. पण भाद्रपदातला गणपती शनिवारवाड्यात पेशव्यांच्या काळीही बसत होता. उत्सव सार्वजनिक करणे वेगळे, सण सुरू करणे वेगळे.

पोर्तुगीजांनी सण मोडले, हे अर्धे खरे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, 1560 साली आले आणि मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत टिकले. 1736 च्या फर्मानात तर तुळस लावण्यावरही बंदी होती. तुळशीची ही गत, तिथे मातीची मूर्ती उघड कोण आणणार? तिसवाडी, बार्देशातल्या काही घराण्यांत आजही मूर्ती नसते. कागदावरचे चित्र किंवा नुसती पत्री पुजतात. शोधायला कोणी आलेच तर कागद घडी घालून लपवता येई आणि पाने ही पानेच, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. सण मुक्तीनंतर बाहेरून आला असता, तर आयती रंगवलेली मूर्ती चित्रशाळेत मिळत असताना ही घराणी कागदाला का चिकटून राहिली असती?

शिवाय ही जाच सोसणारी भूमी म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिथल्या हिंदूंच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे धोरण त्यांना पत्करावे लागले. त्याआधी ते पोर्तुगीज अमलाबाहेर होते, म्हणून तर कुशस्थळीचा मंगेश फोंडा महालातल्या प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि दिवाडीचा गणपती अखेर खांडोळ्याला. देव नदीपलीकडे नेणारी माणसे चवथ मागे ठेवून गेली असतील, हे मला तरी पटत नाही.

माटोळीला नक्कल म्हणणाऱ्याने ती बाजारातच पाहिली असावी. मखर मूर्तीभोवती असते, माटोळी मूर्तीच्या डोक्यावर. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, आंबाडे, चिबूड आणि रानातली कांगलां, घागऱ्या अशी फळे बांधतात. भाद्रपदात आपल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि डोंगरावर जे पिकते ते आधी देवाला. त्यात मुंबईचे काय आहे? कित्येक जुन्या घरांत ही चौकट वर्षभर छताला टांगलेली असते. (कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे हल्ली दुर्मीळ फळांसाठी रान ओरबाडले जाते, ही तक्रार मात्र रास्त आहे.)

त्या मजकुरातले एक मान्य करावे लागते. गोव्यातली बहुतेक सार्वजनिक मंडळे 1961 नंतरची आहेत, आणि त्यांच्यावर पुण्या-मुंबईची छाप आहे. पण चवथीला गोंयकार मंडळाच्या मांडवासाठी गावी जात नाही. तो मूळ घरी जातो, जिथे भावकीचा एकच गणपती असतो आणि आरतीला घुमट हे मातीचे वाद्य वाजते.